अठरा खेळाडू, सतरा ईसीजी

त्या रविवारी सकाळी प्रियांका शेजवळने सतरा मुलांचे ईसीजी काढले. सगळे ठीक आले. अठरावा तिच्या धाकट्या भावाचा होता.

कल्याण पश्चिमेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये ती आठ वर्षं टेक्निशियन होती. रविवारी सेंटर बंद असायचं, पण तिथल्या डॉक्टर देवयानी मॅडमनी तिला चावी दिलेली. "तुझ्या पोरांचे काढून घे सगळे. सोमवारी बघते आणि फिटनेसवर सह्या करते," असं म्हणाल्या होत्या. फुटबॉल क्लबची मुलं मोहन्याहून तीन-तीन करून रिक्षाने आली. शर्ट काढून कॉटवर झोपायचं, छातीला गार जेल लागलं की ओरडायचं, बाहेर बाकावर बसलेल्यांनी त्यावर हसायचं, असं दोन तास चाललं होतं.

तिचा भाऊ सिद्धेश कॅप्टन, म्हणून शेवटी आत आला. चोवीस वर्षांचा, उंच, बरगड्या मोजता येतील असा. "ताई, लवकर कर हां, भूक लागलीय," म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

मशीनमधून कागद सरकत बाहेर यायला लागला आणि प्रियांकाचा हात जागीच थांबला. डाव्या छातीवरच्या रेघा चौकटीबाहेर जातील एवढ्या उंच होत्या. त्यांच्या मागोमाग जिथे छोटासा उंचवटा यायला हवा, तिथे रेघ खोल खाली गेली होती. प्रत्येक ठोक्याला.

तिने सगळ्या लीड्स काढल्या, छाती पुसली, पुन्हा लावल्या. पुन्हा तसंच आलं.

ती डॉक्टर नव्हती. पण आठ वर्षांत तिने हजारो पट्ट्या पाहिल्या होत्या, आणि अशा तीन-चारच. त्यातल्या एका तरुण शिक्षकाला मॅडमनी घरीसुद्धा जाऊ दिलं नव्हतं, इथूनच ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं होतं.

"काय झालं गं?" सिद्धेशने डोळे उघडले.

"काही नाही. लीड नीट चिकटत नाहीये." तिने पट्टी उलटी करून ठेवली. "झालं तुझं. जा तू. विकीला आत पाठव."

सिद्धेश शर्ट घालत बाहेर गेला. तेवढ्या अर्ध्या मिनिटात तिने ठरवलं की आधीच ठरलेलं होतं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

कॉलनी इलेव्हन हा क्लब बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांच्या मुलांनी काढलेला. चार वर्षं ते राष्ट्रीय खुल्या करंडक स्पर्धेत उतरायचा प्रयत्न करत होते. 'खुली' म्हणजे कुठल्याही क्लबला दार उघडं, असं पोस्टरवर लिहिलेलं असायचं. पहिल्या वर्षी दारातच अडवलं, कारण जिल्हा लीगमध्ये लागोपाठ दोन हंगाम खेळायला हवेत. ते खेळून होईतो कोचला लायसन्स लागतं असं निघालं. मग डोंबिवलीचे स्वानंद गद्रे सर, जे विमा कंपनीत नोकरी करून संध्याकाळी मुलांना शिकवायचे, त्यांनी वर्षाची सगळी रजा कोर्समध्ये घातली. गेल्या वर्षी मैदान-मालकाचं पत्र हवं होतं, आणि कारखान्यामागच्या त्या मैदानाचा मालक नक्की कोण, हे सांगणारा माणूसच सापडला नाही. शेवटी आंबिवलीच्या एका शाळेने पत्र दिलं. या वर्षीचा नवा नियम म्हणजे प्रत्येक खेळाडूचा ईसीजी आणि डॉक्टरांचा दाखला. आणि संघात कमीत कमी अठरा नोंदणीकृत खेळाडू.

त्यांच्याकडे वीस होते. दोघांना त्यांच्या जुन्या क्लबांनी सोडचिठ्ठी दिली नाही. नवीन नोंदणीची खिडकी शुक्रवारी बंद झाली. राहिले बरोबर अठरा. एक कमी झाला तर अर्ज बाद. पोर्टलवरचं ते वाक्य क्लबची सेक्रेटरी म्हणून प्रियांकाला पाठ झालेलं. कागदपत्रं चढवायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

"ताई, माझं काय खराब आलं काय?" विकी घाबरून दारात उभा होता. तो संघाचा दुसरा गोलकीपर, एकोणीस वर्षांचा.

"नाही रे. प्रिंट फिकी आलीय. झोप."

मशीनमध्ये तिने नाव टाकलं, सिद्धेश कुंडलिक शेजवळ. वय चोवीस. विकीच्या हृदयाने एक सरळ, सुंदर, निरोगी पट्टी काढून दिली. सिद्धेशच्या दोन्ही पट्ट्या घडी घालून तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या.

कागदावर अठरा लागतात, मैदानावर अकराच असतात. सिद्धेशला बाकावर बसवता येईल. आज संध्याकाळीच त्याला सांगू, सरांना सांगू. अर्ज तेवढा जाऊ दे. रिक्षात ती हेच स्वतःला सांगत राहिली, आणि शेजारी बसलेला सिद्धेश वडापाव खात तिला सांगत होता की पहिली मॅच ठाण्याला आहे.

सोमवारी देवयानी मॅडम पट्ट्या पत्त्यांसारख्या उलटत सह्या करत होत्या. एका पट्टीवर त्यांचा हात थांबला.

"हा तुझा भाऊ ना?"

"हो, मॅडम."

त्यांनी चष्मा वर सरकवला. पट्टी उजेडाला धरली.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या आणि सही केली.

प्रियांका बाथरूममध्ये गेली, नळ सोडला, आणि हात पाण्याखाली धरून बराच वेळ उभी राहिली.

गुरुवारी अर्ज मंजूर झाल्याचा मेल आला. सिद्धेशने आईला, कांताला, स्वयंपाकघरातच उचलून गरकन फिरवलं. "अरे सोड, पाठ मोडशील माझी," आई ओरडत होती, हसत होती. पप्पा, कुंडलिक शेजवळ, कारखान्याच्या संघातून एके काळी खेळलेले, खुर्चीतून उठून पोराजवळ आले आणि त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवून उभे राहिले. त्या खोलीत प्रियांकाला सांगता आलं नाही. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या गेला, परवा गेला.

ती रोज प्रॅक्टिसला जायला लागली. सगळ्यांना वाटलं सेक्रेटरीला मॅचचा हुरूप आलाय. ती टचलाइनजवळ फोन हातात धरून उभी राहायची, ॲम्ब्युलन्सचा नंबर स्क्रीनवर तयार ठेवून. एकदा तिने मैदानापासून कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत रिक्षाने जाऊन वेळ मोजली. रस्ता मोकळा असताना एकवीस मिनिटं. शहाडच्या पुलावर गाड्या तुंबल्या की चाळीस. हृदय बंद पडल्यावर माणसाकडे किती मिनिटं असतात ते तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. त्या ट्रेनिंगमध्ये रबरी पुतळ्याची छाती दाबायची होती. आता दुपारी घरी कुणी नसलं की ती पलंगावरची उशी दाबून मोजायची, एक, दोन, तीन, तीसपर्यंत. एकदा आई अचानक आत आली.

"काय करतेस गं?"

"उशी झटकतेय."

आईने उशीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बाहेर गेली.

सगळ्यात वाईट म्हणजे सिद्धेश कधी नव्हे एवढा चांगला खेळत होता. तो पळायला लागला की ती श्वास धरायची. तो थांबून बूट बांधायला वाकला की ती रेघ ओलांडून आत यायची. चेंडूसाठी दोघं एकमेकांवर आदळून पडले आणि सिद्धेशला उठायला दोन सेकंद जास्त लागले, तेव्हा ती ओरडली. सगळं मैदान वळून तिच्याकडे बघायला लागलं.

"ताई, टेन्शन नको घेऊ एवढं," गवतावर पडल्या पडल्या सिद्धेश हसून म्हणाला.

मॅचच्या आधीच्या रविवारी दुपारी आई-पप्पा मामाकडे उल्हासनगरला गेले होते. सिद्धेश खाली बसून बूट पुसत होता. प्रियांकाने पर्समधून दोन पट्ट्या काढून त्याच्यासमोर जमिनीवर ठेवल्या आणि एका दमात सगळं सांगितलं.

तो पट्ट्यांकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"म्हणजे नक्की काय आहे मला?"

"माहीत नाही. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय कळणार नाही. काही नसेलही. खेळाडूंचं हृदय कधी कधी असं दिसतं."

"आणि असलं तर?"

तिने जमिनीवरच्या पट्ट्यांची घडी घातली.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग सांगू पण नको." त्याने बूट पुन्हा पुसायला घेतला. फडकं एकाच जागी फिरत होतं. "गेल्या मे महिन्यात मी पडलेलो एकदा. प्रॅक्टिसला. गोलच्या मागे. डोळ्यांसमोर अंधारी आली आणि उठलो तर तोंडात माती. केवढं ऊन होतं, म्हटलं उन्हाने असेल."

"सिद्धू!"

"कुणाला नाही बोललो. बोललो असतो तर सरांनी बसवलं असतं." आता त्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तिने लहानपणानंतर पहिल्यांदाच भीती पाहिली, आणि त्या भीतीवर लगेच ओढलेला हट्ट. "एक मॅच, ताई. एकच. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. आता मी नाही म्हटलं तर सर विचारणार का. मग तू काय सांगणार? कागद खोटा आहे म्हणून? पूर्ण टीम जाईल बाहेर."

खोटा कागद तिनेच केलेला, आणि आता तोच तिच्या तोंडावर हात ठेवून बसला होता.

पुढच्या रविवारी टेम्पो ट्रॅव्हलरने सगळे ठाण्याला निघाले. टेंभी नाक्यावर थांबून मुलांनी चहा घेतला. एप्रिलचं ऊन डांबरावर सांडलेलं. गद्रे सर ग्लास हातात घेऊन तिच्याशेजारी उभे राहिले.

"बरं वाटत नाहीये का तुला? चेहरा अगदी उतरलाय."

"जागरण झालं, सर."

"आज तुझा दिवस आहे, प्रियांका. चार वर्षं तू एकटीने ते अर्ज ओढलेस. मुलांना नाही कळत, पण मला कळतं."

तिने चहा न पिता ग्लास परत ठेवला.

मैदानावर पोचल्या पोचल्या ती ॲम्ब्युलन्स शोधत गेली. नियमाप्रमाणे एक उभी होती, गेटपाशी झाडाच्या सावलीत. ड्रायव्हर पाय वर घेऊन मोबाइल बघत होता.

"दादा, शॉक द्यायचं मशीन आहे का आत?"

"कसलं मशीन?"

"हार्ट बंद पडलं तर शॉक देतात ते."

त्याने मागे वळून आत पाहिलं, जणू काही त्यालाही आत्ताच कळणार होतं. "ऑक्सिजन आहे, स्ट्रेचर आहे. डॉक्टर येतायत, रस्त्यात आहेत. का हो मॅडम, कुणाला काय होतंय काय?"

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

समोरचा संघ नवी मुंबईचा, तगडा, वयानेही मोठा. पहिली दहा मिनिटं चेंडू कॉलनी इलेव्हनच्या अर्ध्यातच होता. मग सिद्धेशने मध्यातून एक चेंडू काढला, दोघांना चुकवलं, आणि उजवीकडून धावणाऱ्या प्रेमच्या पायात असा दिला की प्रेमला फक्त तो गोलमध्ये ढकलायचा उरला. मोहन्याहून आलेली पंधरा-वीस माणसं वेड्यासारखी नाचायला लागली. पप्पा दोन्ही हात वर करून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मुलं प्रेमच्या अंगावर पडली. सिद्धेश गेला नाही. तो होता तिथेच गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. प्रियांका बघत होती. त्याने डोकं हलवलं, कानात पाणी गेल्यावर हलवतात तसं. मग एक पाऊल बाजूला टाकलं, आणि ते पाऊल त्याला हवं तिथे पडलं नाही. खेळ पुन्हा सुरू झाला. तो सरळ उभा राहिला आणि पळायला लागला.

ती पायऱ्या उतरून कधी धावली तिला आठवत नाही. मधल्या दोरीखालून ती थेट बाकाशी गेली आणि गद्रे सरांचा दंड धरला.

"सर, त्याला बाहेर काढा. सिद्धूला. आत्ताच्या आत्ता."

"काय? का?"

"त्याचा ईसीजी खराब आहे. मी बदलला. तो विकीचा होता."

सरांना अर्थ लागायला दोनतीन सेकंद लागले. त्या दोनतीन सेकंदांत सिद्धेश चेंडूमागे धावत होता आणि तिचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते.

"किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

"एकवीस."

त्यांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर ती विसरली नाही. मग ते वळले, पंचाला हाक मारली, आठ नंबर बाहेर असं बोटांनी दाखवलं. सत्ताविसावं मिनिट होतं.

पाटीवर आपला नंबर बघून सिद्धेश आधी हसला, चूक झाली असेल म्हणून. मग त्याने बाकाकडे पाहिलं. सरांकडे नाही, तिच्याकडे. तो चालत बाहेर आला, दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून प्रेमच्या हातात दिली, आणि तिच्या जवळून जाताना एवढंच म्हणाला, "एकच तर मागितलेली."

उरलेली मॅच तो डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. कॉलनी इलेव्हन एक-शून्यने जिंकली.

परतताना टेम्पोत गाणी चालली होती. विकीने ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ढोलकी धरलेली. प्रियांकाच्या पुढच्या सीटवर गद्रे सर बसले होते, ताठ. मुंब्रा बायपासला त्यांनी मान मागे न वळवता हळूच विचारलं, "आता काय करणार आहेस?" प्रियांकाला त्याचं उत्तर येत होतं, फक्त तोंडातून काढायची भीती वाटत होती. सिद्धेश बाहेर आला होता, जिवंत होता, संघ जिंकला होता. सरांशिवाय बाकी कुणालाच काही कळलेलं नव्हतं. पुन्हा एकदा गप्प बसणं किती सोपं होतं, याचीच तिला धडकी भरली.

सोमवारी सेंटर उघडायच्या आधी ती देवयानी मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि दोन्ही खऱ्या पट्ट्या टेबलावर ठेवून झालेलं सगळं सांगितलं. मॅडमनी एकच नजर टाकली आणि फोन उचलला. गुरुवारी येणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांना त्यांनी उद्याच बोलावून घेतलं. फोन ठेवून त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या.

"माझ्या सहीवर तुझा भाऊ सत्तावीस मिनिटं पळाला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच प्रियांकाला जास्त भीती वाटली. "तिथे पडला असता तर तू त्याला ठार मारलं असतंस. आणि तुझ्यासोबत मीही. कळतंय तुला?"

"हो, मॅडम."

"मी फुटबॉल संघटनेला कळवणार आहे. संध्याकाळपर्यंत तू आधी कळव. आणि उद्यापासून कामावर येऊ नकोस."

संध्याकाळी तिने मुलांना मैदानावर बोलावलं. संघटनेला पत्र पाठवून झालं होतं. गद्रे सर तिच्याशेजारी उभे राहिले. "मी सांगू का?" त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली. सतरा मुलं अर्धगोलात बसली होती, कालच्या जिंकण्याचा तजेला अजून तोंडावर होता. गोलच्या खांबाला टेकून ती बोलली.

ती थांबल्यावर एकाने उठून चेंडूला लाथ घातली, तो भिंतीपलीकडे झाडीत गेला, कुणी आणायला उठलं नाही.

"म्हणजे तो दुसरा माझाच होता?" विकी म्हणाला. "आणि तो पडला असता, तर... माझ्या कागदावर?" त्याने आपली छाती दोन्ही हातांनी धरली. त्याला रडूच फुटलं.

प्रेम सगळ्यांत मोठा, तेहतीस वर्षांचा, दोनदा गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. त्याने शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "पुढच्या वर्षी माझा गुडघा नाही टिकणार, ताई. मला माहितीये." आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एकोच्या खोलीत सिद्धेशच्या हृदयाची भिंत जिथे अकरा मिलिमीटर असायला हवी तिथे एकवीस निघाली. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. ही जन्मजात गोष्ट आहे, रक्तातून येते. औषधं सुरू करू. पुढे छातीत एक छोटं यंत्र, ठोका बिघडला तर शॉक देणारं, बसवावं लागेल असं दिसतंय. स्पर्धेचं फुटबॉल बंद.

"घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" त्यांनी विचारलं.

आई "नाही" म्हणाली. पप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"माझा मधला भाऊ," मग ते म्हणाले. "अठ्ठावीसचा होता. पहिल्या पाळीला सायकलवरून निघालेला. कारखान्याच्या गेटपाशी पडला तो पडलाच. आम्ही म्हटलं उष्माघात. त्या वेळी कोण तपासतंय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमची आणि तुमच्या मुलीचीही एको करायला हवी. आजच करू."

प्रियांका पहिल्यांदाच त्या कॉटवर झोपली, जिच्या शेजारी ती आठ वर्षं उभी होती. तिच्या जागी आलेली मुलगी अजून शिकत होती, तिचे हात गार होते. छतावरचा पंखा प्रियांकाने कधी पाहिलाच नव्हता. तो एका बाजूला किंचित झुकून फिरत होता. तिला वाटलं, सिद्धूने इथे झोपून हाच पंखा पाहिला असेल, डोळे मिटायच्या आधी.

तिचं हृदय ठीक निघालं. पप्पांचं नाही. एकसष्ट वर्षं ते तसंच हृदय घेऊन चालत होते, खेळले होते, पाळ्या केल्या होत्या, कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले कुणाला लवकर गाठतं, कुणाला कधीच नाही, का ते सांगता येत नाही. पप्पांनी ते शांतपणे ऐकलं. पण बाहेर आल्यावर ते बाकावर बसले आणि सिद्धेशला म्हणाले, "माझ्याकडूनच आलं तुला." ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संघटनेच्या समितीने ठाण्याच्या ऑफिसात प्रियांकाला बोलावलं. तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही कळवलं नसतंत तर आम्हाला समजलंच नसतं. मग का कळवलंत?"

"पुढच्या क्लबची सेक्रेटरी पण माझ्यासारखीच मोजत बसेल, सर. अठरा झाले का, सतरा झाले का," ती म्हणाली. "तिला तुमच्याकडे विचारायला कुणीतरी माणूस असायला हवा. पोर्टलला विचारता येत नाही." एवढं बोलून तिला आपल्याच धिटाईची भीती वाटली आणि ती खाली बघत राहिली.

निकाल आठवड्याने आला. कॉलनी इलेव्हन स्पर्धेतून बाद, आणि एक वर्ष कुठल्याही खुल्या स्पर्धेला बंदी. प्रियांकाला पाच वर्षं कुठल्याही क्लबचं पद नाही. गद्रे सरांना समज. नवी मुंबईचा संघ पुढे गेला. ऑफिसच्या जिन्यावर त्या गृहस्थांनी तिला गाठलं आणि सांगितलं की वैद्यकीय कारणाने खेळाडू गळाला तर बदली नाव द्यायला मुदत मिळावी, असा मुद्दा ते बैठकीत मांडणार आहेत. मांडला का, ते तिला कळलं नाही.

जूनमध्ये सिद्धेशच्या छातीत यंत्र बसवलं. प्रियांकाला डोंबिवलीत दुसऱ्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम मिळालं, पहाटे लवकर निघायचं आणि दुपारी घरी. कॉलनीत काही बायका तिच्याशी बोलत, काही तोंड फिरवत. विकी मात्र एकदा येऊन सेक्रेटरीच्या फाइली मागून घेऊन गेला. "सर म्हणाले शिकून घे. मला काय झेपतंय ताई, पण बघतो," म्हणाला. कुठला दाखला कुठे लावायचा ते तिने त्याला तासभर समजावलं.

सिद्धेश तिच्याशी बोलत नव्हता. सत्तावीस मिनिटांनंतर जे एक वाक्य बोलला होता, ते शेवटचं. ताटाला ताट लावून जेवायचा, पण काही हवं असलं तर आईला सांगायचा. मैदानाच्या बाजूला तो फिरकतही नव्हता. संध्याकाळी तो आणि पप्पा नदीकडच्या रस्त्याने हळूहळू चालून येत.

तिची भीती गेली नव्हती. यंत्र आहे, औषध आहे, हे तिला कळत होतं. तरी बाथरूमची कडी लागली की ती मोजायला लागायची. भांडं पडलं की उठून उभी राहायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती कामावरून आली तेव्हा घरात आवाज नव्हता. आई-पप्पा दिसले नाहीत. सिद्धेश बाहेरच्या खोलीत चटईवर उताणा झोपला होता, एक हात चटईबाहेर पडलेला, तोंड किंचित उघडं. तिने चपला न काढताच दाराशी उभं राहून त्याच्या छातीकडे पाहिलं. शर्ट हलताना दिसला नाही. पंख्याच्या वाऱ्याने कॉलर तेवढी हलत होती. ती पाय न वाजवता जवळ गेली, गुडघ्यावर बसली, वाकली, आणि त्याच्या नाकासमोर हात धरणार एवढ्यात तो डोळे न उघडताच म्हणाला,

"जिवंत आहे. जा, हातपाय धू."